जुन्या छायाचित्रांतली नाहीशी मुंबई

मुंबईचा कोट 1860 च्या दशकात पाडला गेला. कॅमेरा शहरात रुळला तो त्याआधी जेमतेम दहा वर्षे. एवढ्या थोड्या अवधीत जे काचेवर उतरले तेच आज कोटाचे दृश्य रूप म्हणून हाती आहे. बाकी नकाशे, चित्रकारांची रेखाटने आणि दप्तरांतली वर्णने. पुढच्या दीडशे वर्षांत शहरातून आणखी पुष्कळ काही गेले: तळी, चौक, समुद्रकाठ, स्थानके, पुतळ्यांवरच्या छत्र्या, चाळी. त्यांतले काय टिपले गेले आणि काय निसटले हे बहुतेक वेळा कॅमेरा कोणाच्या हाती होता आणि चित्र कोण विकत घेणार होता यावर ठरले.

कोटाच्या जागी मुळात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा वाडा होता. इंग्रजांनी त्याभोवती किल्ला वाढवला, आणि 1716 पर्यंत साऱ्या वस्तीला तटबंदी झाली. तिला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बझार गेट. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठे मुंबईवरही येतील ही धास्ती कोटातल्या व्यापाऱ्यांना पडली, आणि तटाबाहेर खंदक खणण्यासाठी त्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढून दिली. तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तटासमोरची घरे आणि झाडे हटवली गेली. 1803 च्या आगीत कोटाचा मोठा भाग जळाल्यावर ही मोकळी जागा आणखी रुंदावली. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदाने तिचेच अवशेष आहेत. मैदानापलीकडची देशी वस्ती ती बाहेरकोट. 1818 नंतर मराठ्यांचे भय उरले नाही आणि तट निरुपयोगी झाला. खंदकात घाण साचे, आतली वस्ती दाटत चालली होती. 1862 साली गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरने तट पाडण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि नव्या शहराचे बेत आखायला पैशाची वाण नव्हती. 1865 साली युद्ध संपले, शेअर बाजार कोसळला. तोवर तट मात्र गेला होता. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातला फोर्ट जॉर्जचा तुकडा तेवढा शिल्लक राहिला.

छायाचित्रणाची वार्ता 1839 साली युरोपातून फुटली आणि पाठोपाठ मुंबईच्या वृत्तपत्रांत पोचली. 1854 साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कॅप्टन हॅरी बार तिचा अध्यक्ष होता. सभासदांत लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजींनी तर पुढे छायाचित्रणाचा व्यवसायही केला. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात आपली चित्रे पाठवली. म्हणजे कोट उभा असताना शहरात कॅमेरे होते आणि ते चालवणारे मराठी हातही होते. तरीही कोटातल्या पेढ्या, गल्ल्या, व्यापाऱ्यांची उंच लाकडी घरे यांची चित्रे फार थोडी. देशी छायाचित्रकारांचे पोट चाले ते माणसांच्या तसबिरींवर. घराबाहेर कॅमेरा नेणे खर्चाचे होते, आणि आपल्याच गल्लीचे चित्र विकत घेणारे गिऱ्हाईक तेव्हा नव्हते.

गिऱ्हाईक होते ते युरोपीय. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 ते 1858 या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढले. प्रत्येक अंकात चिकटवलेली मूळ छायाचित्रे असत. कोट पडण्यापूर्वीच्या मुंबईचा सर्वांत मोलाचा दृश्य पुरावा या अंकांत आणि त्या काळच्या इतर सुट्या चित्रांत आहे. टाउन हॉलपुढचे ‘बॉम्बे ग्रीन’ त्यात दिसते. आज तेथे हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग आणि भोवतीच्या एकसारख्या कमानी आहेत; तेव्हा ती उघडी, धुळकट जागा होती. 1844 पर्यंत कापसाचे गठ्ठे येथेच उतरत, मग तो बाजार कुलाब्याला हलवला गेला. मधोमध छत्रीखाली लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता. लोक त्यालाच देव समजून फुले वाहत असे जुने लेखक सांगतात. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेटच्या कल्पनेतून 1860 च्या दशकात येथे एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आखले गेले आणि ग्रीन संपले. पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्यावरची छत्री आणि भोवतालची मोकळीक पाहायची तर जुनी चित्रेच काढावी लागतात.

जॉन्सनचे दुसरे काम अधिक प्रसिद्ध आणि अधिक फसवे आहे. 1863 आणि 1866 साली दोन खंडांत निघालेल्या त्याच्या ग्रंथात मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईला येणाऱ्या जातिजमातींची चित्रे आहेत. माणसे स्टुडिओत उभी करून टिपली, शहरातली दृश्ये वेगळी टिपली, आणि मग दोन्ही जोडून एक चित्र केले. वाणी, पारशी, भाटिये, ब्राह्मण ज्या इमारतीसमोर उभे दिसतात तेथे ते त्या क्षणी नव्हते. सावल्या एका दिशेला आणि भिंतीवरचे ऊन दुसऱ्या दिशेला, असा घोटाळा नीट पाहिले की सापडतो. तरीसुद्धा मागची इमारत खरी असते. वास्तुइतिहासाच्या अभ्यासकाला अशा चित्रात पुढच्या माणसांना बाजूला सारून मागची भिंत वाचावी लागते.

सरकारी कॅमेरा याच काळात दुसरीकडे गुंतला होता. 1855 साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातल्या प्राचीन वास्तूंची चित्रे काढण्यासाठी कॅप्टन बिग्जची नेमणूक केली. जे प्राचीन ते टिपायचे, असा हा हिशेब होता. दीडशे वर्षांचा तट, त्यामागची व्यापारी वस्ती, कोटातली घरे ही ना प्राचीन होती ना सुंदर. ती अडगळ होती. कोट पाडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले, पण त्याची पद्धतशीर नोंद ठेवावी असे कोणाला वाटल्याचे दिसत नाही. नव्या इमारती उभ्या राहू लागल्यावर मात्र त्यांच्या चित्रांचा पूर आला. सचिवालय, विद्यापीठाचे सभागृह, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर यांची पाया खणल्यापासूनची चित्रे आहेत. साम्राज्य आपण काय उभारतो ते दाखवत होते. काय पाडतो ते दाखवण्याचे त्याला कारण नव्हते.

म्हणून गेलेले शहर शोधायचे ते चित्रांच्या कडेला. त्यासाठी आधी चित्र कधीचे हे ठरवावे लागते, कारण जुन्या अल्बमांतल्या तारखा आणि मथळे अनेकदा नंतर कोणीतरी अंदाजाने लिहिलेले असतात. मुंबईत हे काम बरेच सोपे जाते, कारण इमारतींची वर्षे पक्की ठाऊक आहेत. चर्चगेटच्या जागेजवळ उभारलेला फ्रिअर कारंजा, म्हणजे आजचे फ्लोरा फाउंटन, 1869 चा. त्याच सुमारास वॉटसनचे हॉटेल पुरे झाले. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा 1872 चा, राजाबाई टॉवर 1878 चा, बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस 1887 चे, महापालिकेची इमारत 1893 ची, ताजमहाल हॉटेल 1903 चे. मैदानावरून काढलेल्या चित्रात वॉटसनचे हॉटेल आहे आणि टॉवर नाही, तर ते 1870 च्या दशकातले; टॉवरभोवती बांबूंची परांची असेल तर वर्ष आणखी जवळ येते. रस्त्यावरच्या गोष्टीही साक्ष देतात. गॅसचे दिवे 1865 पासून लागले. घोड्यांची ट्रॅम 1874 साली सुरू झाली, विजेची 1907 साली, आणि 1964 च्या मार्चअखेर ट्रॅम बंद झाली. रुळांवर घोडे असतील, डोक्यावर तार असेल, किंवा रूळ नुसतेच उरले असतील, त्यावरून दशक कळते. छपराकडेही पाहावे: बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 साली काढला, त्यामुळे चपट्या मंगळुरी कौलांची घरे त्यानंतरच्याच चित्रात असणार. देशी नळीची कौले मात्र पुढेही कितीतरी वर्षे टिकली, तेव्हा ती दिसली म्हणून चित्र जुने असे म्हणता येत नाही.

तंत्राने केलेल्या गमतीही ओळखाव्या लागतात. तेव्हा काचेवर ओल्या कोलोडियनचा प्रकाशसंवेदी थर देत; त्यावर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळात चालणारा माणूस, धावणारी गाडी पुसली जाई. उरे ती नुसती धूसर रेघ, तीही नशिबाने. भर बाजाराच्या वेळचा रस्ता चित्रात ओस पडलेला दिसतो तो यामुळे. या चित्रांवरून जुनी मुंबई कशी शांत, रिकामी, ऐसपैस होती असे लिहिणारे अजून भेटतात. कोटातल्या गर्दीबद्दल त्याच काळातल्या लोकांच्या तक्रारी वाचल्या की तो भ्रम टिकत नाही. हे रसायन निळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील होते, म्हणून आकाश कोरे पांढरे येई आणि पुष्कळ छायाचित्रकार त्यात ढग मागाहून घालत. काच उलटी छापली गेली तर डावे उजवे होई. अशा वेळी दुकानाची पाटी वाचून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय.

बाहेरकोटाच्या बाबतीत चित्रांची टंचाई फार जाणवते. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी, उमरखाडी या भागांत शहराची बहुसंख्य माणसे राहत, पण अल्बमांत या वस्त्या दुरूनच दिसतात. मलबार टेकडीवरून बॅक बेकडे पाहत घेतलेले दृश्य हा त्या काळच्या प्रत्येक छायाचित्रकाराचा आवडता विषय होता. त्यात गिरगाव म्हणजे माडांचा हिरवा पट्टा आणि मधून डोकावणारी छपरे, एवढेच. त्या माडांखाली कोणत्या वाड्या होत्या, घरांचे ओटे कसे होते, विहिरी कोठे होत्या हे त्या टेकडीवरून दिसत नाही. ही उणीव काही अंशी मराठी शब्दांनी भरून काढली आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली, म्हणजे नेमके तट पडत असताना छापून निघाले. बाजार, देवळे, तळी, धंदे, जातींच्या वस्त्या यांचा त्यातला तपशील चित्रांशेजारी ठेवला की दोहोंचीही किंमत वाढते. जॉन्सनने ज्या शहराचे दर्शनी रूप टिपले त्याच शहराच्या आतल्या व्यवहाराची माहिती माडगावकर देतात, आणि दोघेही एकाच दशकात काम करत होते.

कॅमेरा देशी वस्तीत खऱ्या अर्थाने शिरला तो प्लेगमुळे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला साथ उघडकीस आली. पुढच्या वर्षी कॅप्टन मॉस आणि इतरांनी साथीच्या कामाची चित्रे काढून अल्बम केले. हेतू सरकारी कामगिरी दाखवण्याचा होता, पण त्यांत घरांचे जे दर्शन घडते ते पूर्वी कोणी घडवले नव्हते. अरुंद बोळ, चार-पाच मजली चाळी, लाकडी सज्जे, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून उतरवलेली कौले, चुन्याने सफेत केलेल्या भिंती, रस्त्यावर काढून ठेवलेला संसार. माणसाने राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगवत. दारावर ही अक्षरे आली की घराचे दिवस भरले. 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते जुन्या वस्तीच्या पोटातून नेले. त्या रस्त्यांखाली गेलेल्या घरांचा दृश्य पुरावा शोधायचा तर प्लेगच्या अल्बमांइतके जवळचे दुसरे काही नाही. ज्यांच्या दारात सोल्जर उभे करून हे फोटो काढले त्यांची परवानगी कोणी विचारली नसेल हे उघड आहे.

तळ्यांची गत अशीच झाली. धोबी तलाव, गोवालिया टँक, कावसजी पटेल टँक, दोन टाकी, मुंबादेवीचे तळे: ही नावे बसच्या पाट्यांवर राहिली, पाणी गेले. विहारचे नळाचे पाणी 1860 मध्ये शहरात आले आणि तळ्यांची गरज घटली. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला आणि तळी व विहिरी डासांची आगरे ठरली. एकेक करून ती बुजवली गेली. पायऱ्यांचे घाट आणि काठावरची देवळे यांची थोडी चित्रे आहेत. वाळकेश्वरची बाणगंगा तेवढी तळे म्हणून टिकली, त्यामुळे गेलेल्या घाटांची ठेवण समजायला तिचा आधार घेता येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डे आली आणि शहराचे चित्र स्वस्त झाले. क्लिफ्टन अँड कंपनीसारख्यांनी मुंबईची शेकडो दृश्ये विकली. रंग हाताने किंवा छापखान्यात भरलेले असत आणि रंगाऱ्याने मुंबई कधी पाहिलेलीच नसे. तेव्हा एखादी इमारत कार्डावर गुलाबी दिसते म्हणून ती गुलाबी होती असे धरू नये. कार्डाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच उपयोगी असते. आधी मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पहिल्या दशकात ती बाजू उभ्या रेघेने विभागून मजकुरालाही जागा मिळाली, आणि डाकशिक्क्यावर तर तारीखच असते. या कार्डांमुळे गेट वे ऑफ इंडियाच्या आधीचे अपोलो बंदर कळते: समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या, शेजारी खाण्यापिण्याची जागा, संध्याकाळी हवा खायला आलेल्या बग्ग्या. 1911 साली पाचव्या जॉर्जसाठी उभारलेला तात्पुरता पांढरा मंडपही चित्रांत आहे. गेट वे 1924 साली पुरे झाले. ताजच्या शेजारचे ग्रीन्स हॉटेल तेव्हाच्या कार्डांवर हमखास असते. त्याच्या जागी 1970 च्या दशकात ताजचा मनोरा आला.

कुलाबा स्थानक तर चित्रांतूनच पटवून द्यावे लागते. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची गाडी चर्चगेटच्या पुढे, समुद्राच्या काठाने कुलाब्यापर्यंत जाई. 1896 साली तेथे भव्य टर्मिनस झाले. पण बॅक बे भरावाच्या योजनेला तो मार्ग आड येत होता. 1930 च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडले आणि वर्षअखेरीस कुलाब्याची गाडी बंद झाली. आज त्या भागात बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. त्याच भरावाने बॅक बेचा नैसर्गिक किनारा गाडला गेला आणि त्यावर मरीन ड्राइव्ह आणि आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. ओव्हलच्या पश्चिमेला लाटा दिसणारी चित्रे पाहून नव्या मुंबईकराचा क्षणभर विश्वास बसत नाही.

काही चित्रे वास्तूंसाठी काढलीच नव्हती. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांची अंत्ययात्रा सरदारगृहातून निघून चौपाटीला गेली. छायाचित्रकारांचे सारे लक्ष माणसांच्या लोटावर होते, पण मागे त्या दिवशीचे रस्ते, गॅलऱ्यांत माणसे दाटलेली घरे, दुकानांच्या पाट्या आपसूक आल्या. मिरवणुका, संप, सभा यांची चित्रे म्हणूनच नगर-इतिहासाला अल्बमांहून अधिक प्रामाणिक ठरतात: सजावट करायला कोणाला सवड नसते.

पुतळे गेले ते स्वातंत्र्यानंतर, 1965 साली. खंडेराव गायकवाडांनी पैसे दिलेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला राणीचा पुतळा एका नक्षीदार गॉथिक मखरात बसवलेला होता. 1896 साली चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासले होते. आज राणी भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उघड्यावर आहे आणि नाक तुटलेले आहे. मखराची उंची आणि त्याचा रस्त्यावर पडणारा दरारा फक्त जुन्या चित्रांतून कळतो. ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा घोडेस्वाराचा पुतळाही त्याच वेळी राणीच्या बागेत हलवला गेला. चौकाचे नाव मात्र घोड्यावाचून चालू राहिले.

गिरण्या आणि चाळी यांची पाळी शेवटी आली. पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात निघाली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि नव्वदीनंतर त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे आले. 1920 च्या दशकातल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या बी. डी. डी. चाळीही आता पाडल्या जात आहेत. या वास्तूंना कोणी राजेशाही छायाचित्रकार लाभला नाही. त्यांचे चित्रण आहे ते घरगुती अल्बमांत: गॅलरीतले लग्नाचे फोटो, गच्चीवरची मुंज, चौकातला गणपती, गिरणीच्या फाटकासमोर जमलेली पाळी. फोटोच्या कडेला आलेला जिन्याचा कठडा, सामाईक नळ, खोलीच्या दारावरचा क्रमांक हेच उद्या अभ्यासाचे साहित्य ठरणार आहे. अशा कपाटबंद चित्रांकडे संग्रहालयांचे लक्ष अलीकडे वळले आहे.

मुंबईने 1995 साली वारसा-वास्तूंसाठी नियमावली केली आणि जुन्या छायाचित्रांना व्यावहारिक उपयोग मिळाला. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानींवर चढलेल्या पाट्या उतरवून दर्शनी भाग पूर्ववत करताना, इमारतींच्या दुरुस्तीत मोडलेले कठडे आणि कळस पुन्हा घडवताना चित्रांचा पुरावा वास्तुतज्ज्ञांनी वापरला. वॉटसनच्या हॉटेलची बिडाची चौकट कशी उघडी आणि हवेशीर होती, हेही त्याच्या आजच्या दाटीवाटीच्या इमारतीवरून नव्हे, तर चित्रांवरून समजते. चित्राला मर्यादाही आहेत. ते दर्शनी बाजू दाखवते. आतला चौक, मागचे जिने, भिंतीची जाडी, दगड कोणता आणि रंग कोणता हे सांगत नाही. त्यासाठी महापालिकेची दप्तरे, सर्व्हेचे नकाशे आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे भूसंपादनाचे कागद शेजारी घ्यावे लागतात. बझार गेटजवळच्या एखाद्या घराचे चित्र मिळाले तर नकाशातला त्याचा तुकडा, मालकीची नोंद आणि चित्रातली खिडक्यांची ओळ जुळवून दरवाजाच्या आतला तो भाग काही प्रमाणात पुन्हा मांडता येतो.